बियाणे गुदमरते तेव्हा

(द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने भाताच्या बियाण्यावर लेख लिहावा, हे आपल्या वार्षिकाच्या वाचकांना काहीसे चमत्कारिक वाटेल. कविता किंवा प्रवासवर्णन दे, असे आमच्या मराठीच्या सरांनी सुचवलेही होते. पण दापोलीच्या पलीकडे मी फारशी गेलेली नाही आणि कविता मला जमत नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझे शिक्षण घरच्या कोणत्या कामी आले, असे जर कोणी विचारलेच, तर सांगण्यासारखी एकच गोष्ट माझ्यापाशी आहे. तीच येथे सांगते.

आपले बरेचसे प्राध्यापक घाटावरचे असल्यामुळे आधी थोडी ओळख करून द्यावयास हवी. आमच्याकडे भाताचे रोप, म्हणजे तरवा, दोन रीतींनी करतात. पहिली रीत धूळवाफेची. रोहिणी नक्षत्रात, पाऊस यायच्या आधी, भाजलेल्या कोरड्या जमिनीत बी पेरून टाकायचे आणि आभाळाकडे पाहात बसायचे. दुसरी रीत रहूची. बी भिजवून त्याला घरातच मोड आणायचे आणि चिखल केलेल्या वाफ्यावर ते मोडाचे बी, म्हणजे रहू, हाताने फेकायचे. धूळवाफ साधली नाही, पाऊस फार लवकर किंवा फार उशिरा झाला, की रहूला पर्याय नसतो.

२०२३ च्या जूनमध्ये तसेच झाले. पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तेथेच अडकला. अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ उठले होते, त्याने सारा ओलावा ओढून नेला. मुंबईला पाऊस पोहोचला तो २५ जूनला. आमच्या बाबांनी धूळवाफ पेरली होती. एक-दोन सरींनी बी फुगले, कोंभ मातीतून डोके काढणार तोच कडक ऊन पडले, आणि बी जागच्या जागी करपले. आता घरात उरले होते ते आईने राखलेले बियाणे.

आई बियाणे मुडीत बांधते. मळणीच्या वेळी चांगल्या लोंब्यांचे भात वेगळे झोडायचे, त्याला चार-पाच उन्हे द्यायची, मग पेंढ्याचे जाड वेष्टन करून, सुंभाने आवळून, भोपळ्यासारखी गोल मुडी करायची आणि चुलीवरच्या माळ्यावर चढवायची. पेंढ्यातून वारा खेळतो, धुरामुळे कीड लागत नाही. हे काम आई तिच्या आईकडून शिकली. आमच्या वाडीत आता मुड्या बांधणाऱ्या बायका दोन-तीनच राहिल्या आहेत, आणि आईला त्याचा अभिमान होता. होता असे म्हणते, कारण पुढे जे झाले त्यामुळे दोन वर्षे तिने सुंभाला हात लावला नाही.

बाबांना घाई झाली होती. वाडीत सगळ्यांचेच बी करपलेले, चिखलणीला पॉवर टिलर मिळेल त्या दिवशी मिळेल अशी स्थिती. त्यांनी मुडीतले बी निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात ओतले, वरपर्यंत पाणी भरले, झाकण लावले. दोन दिवसांनी ते निथळून खताच्या धुतलेल्या प्लॅस्टिकच्या गोणीत भरले, तोंड घट्ट बांधले, वर दगड ठेवले. पूर्वी हे काम बांबूच्या टोपलीत किंवा गोणपाटात होत असे; पण टोपली मोडली होती आणि गोणपाट घरात उरले नव्हते. तिसऱ्या दिवशी गोणीचे तोंड सोडले तेव्हा आतून गरम वाफ आली आणि तिच्याबरोबर ताडी आंबल्यासारखा वास. बियांना मोड होते, पण कसे? पांढरेफटक, दोऱ्यासारखे लांब, आणि मूळ कोणत्याच दाण्याला नाही. तरीही बाबांनी ते वाफ्यावर फेकले. चार दिवसांत सगळे कुजून गेले.

मग बोलणे सुरू झाले. मुडीला ओल लागली असणार, आता कोण मुडीत बी ठेवते, असे शेजारी म्हणाले. बाबाही म्हणाले. एका दुकानदाराने तर निदान करून औषधही सांगितले: घरचे बी रोगट असते, पुढच्या वेळी भिजवताना हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, मोड टराटर येतात. आई एवढेच म्हणाली, “माजा बियाणा खराब नव्हता.” तिचे कोणी ऐकले नाही, खरे सांगायचे तर मीही ऐकले नाही. त्या वर्षी लोकांकडून उरलासुरला तरवा मागून आणला आणि निम्मी खाचरे पड राहिली.

माझे मन त्या ‘मूळ नाही’ या गोष्टीपाशी अडकून राहिले होते. पुढे कॉलेजात आल्यावर, आमच्या वाडीतला एक मुलगा कृषी विद्यापीठात शिकतो, त्याला मी हे सांगितले. (आपल्या गावात १९७२ सालापासून शेतीचे विद्यापीठ आहे आणि आमच्या घरातले कोणी त्याच्या फाटकाच्या आत गेलेले नाही, ही दोष देण्यासारखी गोष्ट नव्हे, पण नमूद करण्यासारखी आहे.) तो हसला आणि म्हणाला, “बी मेलं नव्हतं गं, गुदमरलं होतं.” त्याने आपली पुस्तके मला वाचावयास दिली. त्यातून जे समजले ते माझ्यासारख्या कला शाखेच्या वाचकांसाठी शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडते.

बी हे झोपलेले रोप असते, एवढे शाळेत शिकवतात. पाणी लागले की बी फुगते आणि जागे होते. जागे झाले की त्याला भूक लागते. दाण्यातले पिष्ट हा त्याचा शिधा. पण शिधा शिजवावयास जसा विस्तव लागतो, तसा हा शिधा वापरावयास प्राणवायू लागतो. भिजलेले बी आपल्यासारखेच श्वास घेते, आणि श्वास घेताना उष्णता टाकते. म्हणून मोडाच्या ढिगात हात घातला की गरम लागतो. ढीग वरखाली केला नाही तर मधले बी स्वतःच्याच उष्णतेने शिजते.

आता पाण्यात प्राणवायू किती असतो? आपल्याकडच्या हवामानात एका लिटर पाण्यात सुमारे आठ मिलिग्रॅम. एका लिटर हवेत मात्र पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय पाण्यातून तो पसरतो फारच हळू, हवेच्या मानाने दहा हजारपट हळू. पिंपात वरपर्यंत भरलेल्या पाण्यात, तळाशी दाटीने बसलेल्या बियांना तो किती मिळणार, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

दुसऱ्या बहुतेक पिकांचे बी अशा वेळी मुकाट मरते. गहू मरतो, मूग कुजतात. भात तेवढे निराळे. पाणथळ जागेत वाढणारे हे पीक असल्यामुळे प्राणवायू नसतानाही भाताचा दाणा रुजू शकतो. पण तो रुजतो तो एखाद्या बुडणाऱ्या माणसाने हात वर करावा तसा. साऱ्या शिध्याचे तो आंबवणे करतो, म्हणजे त्यातून मद्यार्क तयार होतो, आणि मिळालेल्या तुटपुंज्या बळावर एकच गोष्ट करतो: कोंभाचे टोपण लांबलांब वाढवून पाण्याबाहेर हवा लागते का ते चाचपतो. मूळ तो काढीतच नाही. मुळाला प्राणवायू हवाच.

हे वाचले त्या दिवशी मी ग्रंथालयात होते आणि मला ती गोणी दिसली. पांढरे दोरे, मूळ नाही, ताडीचा वास. बियाणे रोगट असते तर ते असे धडपडलेच नसते. ओल लागून मेलेले असते तर मोडच आले नसते. ते जिवंत होते, आणि आम्हीच त्याचे नाक-तोंड बांधले होते.

राहिला प्रश्न दुकानदाराच्या औषधाचा. हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे पाण्याचाच एक भाऊ, त्याच्यात प्राणवायूचा एक अणू जास्तीचा. १८१८ साली तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो शोधून काढला. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळतो तोच. जखमेवर घातला की फेस येतो, तो कशाचा? आपल्या रक्तात, आणि जवळजवळ प्रत्येक सजीवाच्या पेशीत, कॅटॅलेज नावाचे एक विकर असते. ते पेरॉक्साइडचे तुकडे करते: पाणी वेगळे, प्राणवायू वेगळा. फेस त्या प्राणवायूचा. कापलेल्या बटाट्यावर थेंब टाकून पाहा, तेथेही फेस येईल. मोडाच्या मुगावरही येतो. मी पाहिला आहे.

तेव्हा दुकानदार अगदीच थापा मारीत नव्हता. पेरॉक्साइड बियाच्या तीन प्रकारे उपयोगी पडू शकते. एक, प्राणवायू मिळतो. दोन, सालीवरची बुरशी आणि जंतू मरतात. तिसरा उपयोग मला सर्वांत नवलाचा वाटला. जागे होणारे बी स्वतःच आत थोडेसे पेरॉक्साइड तयार करते आणि ते झोपमोडीचा निरोप देण्याचे काम करते. बियाला झोपवून ठेवणारे अॅब्सिसिक आम्ल कमी होते, उठवणारे जिबरेलिन वाढते. म्हणून गाढ झोपेच्या, कठीण सालीच्या बियांना बाहेरून बेताचे पेरॉक्साइड दिले तर काही वेळा ती लवकर रुजतात. परदेशात हौशी लोक मिरची, टोमॅटो, इतकेच काय भांगेचेही मोजके महाग दाणे या पाण्यात भिजवतात. भांगेची लागवड आपल्याकडे १९८५ च्या कायद्यामुळे परवान्यावाचून करता येत नाही, तेव्हा तो विषय येथेच सोडते.

पण आमच्या भाताचे काय? भाताच्या कित्येक जातींच्या नव्या बियाला झोप असते हे खरे. मात्र ती काही आठवड्यांची. दिवाळीच्या सुमारास झोडलेले भात जूनपर्यंत केव्हाच जागे होण्यास तयार असते. म्हणजे तिसऱ्या उपयोगाची आम्हाला गरज नाही. पहिल्या उपयोगाचा हिशेब मी कागदावर करून पाहिला. बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ असा की त्या द्रावणाच्या एका मापातून वीस मापे प्राणवायू निघतो. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यातून निघणार शंभर मिलिलिटर प्राणवायू. हवेत एक पंचमांश प्राणवायू असतो. म्हणजे एक चमचा औषधाची किंमत झाली अर्धा लिटर हवा! पिंपाचे झाकण काढून बी एकदा हाताने ढवळले, तर याहून जास्त हवा फुकट मिळते.

कागदावरचा हिशेब घरी कोणी मानणार नव्हते. म्हणून २०२५ च्या मे महिन्याच्या सुटीत मी प्रयोग केला. त्या आरोपी मुडीतले पायलीभर भात आईने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. का ठेवले होते ते मी विचारले नाही. त्यातले शंभर-शंभर दाणे चार वेळा मोजले. पहिले शंभर साध्या पाण्यात रात्रभर भिजवून ताटलीत ओल्या फडक्यात गुंडाळले. दुसरे शंभर लिटरभर पाण्यात एक चमचा पेरॉक्साइड घालून भिजवले आणि तसेच फडक्यात ठेवले. तिसरे शंभर काचेच्या बाटलीत काठोकाठ साधे पाणी भरून, बूच लावून. चौथे शंभर तशाच बाटलीत, पण पेरॉक्साइडच्या पाण्यात.

पाचव्या दिवशी मोजले. साध्या फडक्यात त्रेसष्ट दाण्यांना मूळ आणि कोंभ दोन्ही आले होते, औषधाच्या फडक्यात सहासष्ट. शंभरातल्या तीन दाण्यांच्या फरकाला काही अर्थ नाही, असे त्या कृषी विद्यापीठातल्या मुलाने बजावले. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ऐंशी टक्के असावी लागते. पण अडीच वर्षांच्या, डब्यात पडून राहिलेल्या बियाकडून मला तेवढी अपेक्षाही नव्हती. एक फरक मात्र डोळ्यांना दिसत होता. साध्या फडक्यातल्या मेलेल्या दाण्यांवर करड्या बुरशीची लव आली होती, औषधाच्या फडक्यात ती फारच थोडी. म्हणजे औषधाने बुरशी मारली, मेलेले बी मात्र उठवले नाही.

बाटल्यांचे काय झाले? औषधाच्या बाटलीत पहिल्या दिवशी दाण्यांवर मोत्यांसारखे बुडबुडे चिकटले होते आणि मी मनात म्हटले, गेला आपला सिद्धान्त! दुसऱ्या दिवशी बुडबुडे थांबले. बियातल्या कॅटॅलेजने औषध फोडून संपवले होते. पाचव्या दिवशी दोन्ही बाटल्यांत तोच प्रकार: पांढरे लांब दोरे, मूळ नाही. मी बूच काढले. आई भाकऱ्या करीत होती. तिने मान वळवून बाटलीकडे पाहिले, पिठाचे हात तसेच ठेवून उठली आणि ओटीवर जाऊन बाबांना हाक मारली. बाबांनी बाटली नाकाशी धरली. “हाच वास,” ते म्हणाले. मग ताटल्यातले मुळे फुटलेले दाणे त्यांनी बोटाने सरकवून पाहिले आणि विचारले, “ही त्याच मुडीतली?” आई काहीच बोलली नाही, तव्यावरची भाकरी करपत होती, ती उलटावयास गेली.

मी पेरॉक्साइडच्या विरुद्ध आहे असा कोणी समज करून घेऊ नये. जुने, दुर्मिळ, बुरशी धरलेले थोडेसे बी वाचवावयाचे असेल तर ते जरूर वापरून पाहावे. पण बेताने, थोडा वेळ, आणि नंतर धुऊन. जास्त झाले तर जे बुरशीला मारते तेच कोंभालाही जाळते. कारखान्यांतून वापरतात ते तीस-पन्नास टक्क्यांचे द्रावण तर हाताची कातडी पांढरी करते, त्याच्या वाटेस जाऊ नये. आणि बियाला जिवाणू संवर्धन चोळावयाचे असेल, तर त्यासोबत पेरॉक्साइड वापरणे म्हणजे पाहुण्यांना बोलावून दारात कुत्रे सोडण्यासारखे आहे. जपानात याच कुळातले कॅल्शियम पेरॉक्साइड भाताच्या बियाला लेप म्हणून देतात, कारण तेथे काही ठिकाणी बी थेट पाण्याखालच्या चिखलात पेरतात आणि लेपातून प्राणवायू हळूहळू सुटत राहतो. तेथे ते औषध शोभते. बाहेर हवा मोकळी असताना आम्ही ती बाटलीतून विकत का घ्यावी?

रोगासाठी आणि पोचट दाण्यांसाठी आपल्याकडे जुनी, स्वस्त रीत आहेच, मिठाच्या पाण्याची. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, म्हणजे तीन टक्के. आपल्या हर्णैच्या समुद्राला साडेतीन टक्क्यांच्या आसपास मीठ असते, त्याहून किंचित कमी. त्यात बी ओतून ढवळायचे, वर तरंगेल ते हलके आणि रोगट बी काढून टाकायचे, तळाचे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. १८८२ साली जपानात योकोई तोकियोशी यांनी ही मिठाच्या पाण्याची निवड प्रचारात आणली. अंडे तरंगेपर्यंत मीठ घालावे असे काही जण सांगतात. ताजे अंडे तरंगावयास दहा टक्क्यांच्याही वर मीठ लागते. तेवढ्या दाट पाण्यात जास्त बी वर येईल आणि शेतकरी घाबरेल. धूळवाफ करावयाची असल्यास सुकलेल्या बियाला किलोमागे अडीच-तीन ग्रॅम थायरम चोळतात. चोळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि उरलेले बी कोंबड्यांना चुकूनही घालू नये.

प्रयोगातल्या ताटल्या उचलून पंधरा दिवस होतात न होतात तोच पाऊस आला. २०२५ साली तो मे महिन्यातच, २५-२६ तारखेला कोकणात उतरला. धूळवाफेचा प्रश्नच उरला नाही. जमिनीचा चिखल झाला होता. पुन्हा रहू, पुन्हा घाई. बियाणे विकतचे होते, कारण मुडी बांधलेली नव्हती. पण रीत या वेळी आईने सांगितली आणि बाबांनी ऐकली. बी मिठाच्या पाण्यातून काढून धुतले. चोवीस तास उघड्या घमेल्यांत भिजवले, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलले. बाबांनी बाजारातून बांबूची नवी टोपली आणली. तिच्या तळाशी पेंढा घालून त्यावर बी पसरले, वर ओले गोणपाट टाकले. दिवसातून दोनदा आई त्यावर कोमट पाणी शिंपडून बी हाताने वरखाली करी. वास ओल्या गवतासारखा येई. दोन दिवसांत मोड आले, निम्म्या दाण्याएवढे, आणि प्रत्येकाला खाली मूळ. वाफ्यातले पाणी काढून बाबांनी ते फेकले.

त्या तरव्याने सगळी खाचरे लावून झाली. लावणीच्या वेळी शेजारच्या काकांनी विचारले, कोणते औषध मारले? बाबा म्हणाले, “वारा.” काकांना ते नवीन कंपनीचे नाव वाटले असावे.

२०२५ च्या दिवाळीनंतर आईने दोन मुड्या बांधल्या. एक आमच्या माळ्यावर आहे, दुसरी काकांनी मागून नेली. पेरॉक्साइडची बाटली अजून अर्धी भरलेली आहे. कोयत्याने बोट कापले तेव्हा मी ती एकदा वापरली.